चेहऱ्याच्या पक्षाघातात नसेची सोनोग्राफी: तिच्यातून नेमके काय कळते?

कोयनाकाठ (प्रश्न)

माझ्या आईचे वय ६१ आहे आणि तिला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. सोळा दिवसांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागले. आरशात पाहिले तेव्हा तोंड उजवीकडे ओढले गेलेले, डावा डोळा मिटत नाही आणि कपाळाच्या डाव्या बाजूला आठ्या पडत नाहीत, असे दिसले. हातापायांत काहीच अशक्तपणा नव्हता. त्याच दुपारी आम्ही डॉक्टरांना दाखवले. कपाळसुद्धा ढिले पडले असल्यामुळे हा मेंदूतील पक्षाघात नसून चेहऱ्याच्या नसेचा, म्हणजे बेल्स पाल्सीचा प्रकार आहे, असे त्यांनी समजावून सांगितले आणि दहा दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या काळात साखर तीनशेच्या वर गेल्याने काही दिवस इन्सुलिन द्यावे लागले. आता ती आटोक्यात आहे.

गोळ्यांचा क्रम संपला तरी चेहरा अजून वाकडाच आहे. दोन दिवसांपासून डावी नाकपुडी किंचित हलते असे आईला वाटते, मला मात्र ते स्पष्ट दिसत नाही. पुण्यात एका सोनोग्राफी केंद्रात काम करणारे आमचे एक नातेवाईक म्हणतात की, आता नव्या यंत्रांवर चेहऱ्याची नस थेट दिसते, तिची जाडी मोजता येते आणि रुग्ण बरा होणार की नाही हे त्यावरून सांगता येते. दुसरे एक परिचित थेट एमआरआय करा म्हणतात. शेजारच्या आजी याला अर्दितवायू म्हणतात आणि रोज तेलाने गाल जोरात चोळायला सांगतात.

ही नस सोनोग्राफीत खरोखर दिसते का, दिसत असल्यास तिच्या जाडीवरून आईच्या उपचारात काही बदल होईल का, आणि एमआरआयची गरज कधी पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आई दिवसभर पदराने तोंड झाकून बसते, कोणी आले तर आतल्या खोलीत जाते. त्यामुळे जे करण्यासारखे आहे त्यातले काही राहून जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

ध्वनिलहरी (सोनोग्राफी तज्ज्ञ)

नस दिसते, पण तिचा अर्धा मार्गच दिसतो. कोणता अर्धा, हे कळल्याशिवाय अहवालातल्या आकड्याचा अर्थ लागणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही सातवी नस. मेंदूच्या देठापासून निघाल्यावर ती कानाच्या आतल्या हाडातील वळणावळणाच्या बोगद्यातून जाते, कानामागच्या हाडाच्या तळाशी असलेल्या एका छिद्रातून बाहेर पडते आणि मग पॅरोटिड ग्रंथीत, म्हणजे गालगुंड झाल्यावर जी सुजते त्या ग्रंथीत, शिरून पाच मुख्य शाखांत विभागते. सोनोग्राफीच्या लहरी हाडाच्या पार जात नाहीत. त्यामुळे छिद्रातून बाहेर आल्यानंतरची नसच आम्हाला दिसते. बेल्स पाल्सीत मात्र नस प्रामुख्याने आवळली जाते ती बोगद्याच्या सर्वांत अरुंद भागात, जिथे त्याची रुंदी एक मिलिमीटरसुद्धा नसते. म्हणजे दुखण्याचे मूळ ठिकाण आमच्या नजरेआड असते आणि त्याचा पुढच्या भागावर झालेला परिणाम तेवढा आम्ही पाहतो.

प्रत्यक्ष तपासणी साधी असते आणि तिला फार वेळ लागत नाही. रुग्णाला झोपवून मान निरोगी बाजूला वळवायची, कानाच्या पाळीखाली भरपूर जेल लावायचे आणि हॉकीच्या काठीसारखा वाकलेला छोटा प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) जबड्याचा कोन आणि कानामागचे हाड यांच्या मधल्या खळग्यात अगदी हलक्या हाताने टेकवायचा. प्रोब किमान पंधरा मेगाहर्ट्‌झचा असावा. पोटाच्या सोनोग्राफीच्या प्रोबने हे काम होत नाही. पडद्यावर ग्रंथी बारीक रव्यासारखी एकजीव, पांढुरकी दिसते आणि तिच्यात दोन उजळ रेषांच्या मधून एक काळपट धागा तिरका जाताना दिसतो. तीच नस. ती सापडत नसेल तेव्हा मी आधी जबड्यामागची शीर, म्हणजे रक्तवाहिनी, शोधतो, कारण ती शीर प्रोबने दाबली की चपटी होते आणि नस साधारणपणे तिच्या वरच्या अंगाला, त्वचेच्या बाजूला असते. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावल्यावर शिरेत रंग भरतो, नसेत भरत नाही. लाळेची बारीक नळी आणि नस यांची गफलत मात्र नवशिक्याकडून हमखास होते, म्हणून धागा छिद्राच्या तोंडापर्यंत मागे नेऊन पाहिल्याशिवाय मी त्याला नस म्हणत नाही.

आता जाडीविषयी. निरोगी नस इथे साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, तर दुखऱ्या आणि निरोगी बाजूंतला फरक एक-दोन दशांश मिलिमीटरचा असू शकतो. प्रोब थोडा तिरका झाला, हात जड पडला, किंवा एकाने बाहेरचे आवरण धरून आणि दुसऱ्याने ते सोडून मोजले, तर तेवढा फरक नुसत्या मोजण्यातूनही पडतो. म्हणून दोन्ही बाजू एकाच बैठकीत, एकाच व्यक्तीने आणि एकाच पद्धतीने मोजाव्या लागतात. उतारवयात ग्रंथीत चरबी वाढली की नसेच्या कडा पुसट होतात, आणि मधुमेहात नसांची जाडी मुळातच बदललेली असू शकते. आपल्या आईंच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील.

जाडीवरून भाकीत करण्याचे प्रयत्न झाले आहेत. सिंगापूरमधील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नसेच्या जाडीचा काही महिन्यांनंतरच्या सुधारणेशी संबंध दिसला, आणि तेव्हापासून या विषयात रस वाढला. परंतु अशा अभ्यासांतील रुग्ण मोजके आहेत आणि बऱ्या होणाऱ्या व न होणाऱ्या रुग्णांचे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एका माणसाला समोर बसवून केवळ जाडीवरून 'तुम्ही बरे होणार नाही' असे सांगणे मला अन्यायाचे वाटते आणि मी ते करीत नाही.

उपचाराचे म्हणाल, तर या आजारात सर्वांत महत्त्वाचे औषध आईंना वेळेवर मिळालेले आहे. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ववत झाले, ते न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही नव्याने झालेल्या नेहमीच्या बेल्स पाल्सीत सरसकट स्कॅन करू नयेत असे म्हटले आहे. डेन्मार्कमध्ये औषधाविना नैसर्गिक वाटचाल कशी होते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यातील सुमारे ८५ टक्के रुग्णांत पहिली हालचाल तीन आठवड्यांच्या आत दिसली होती. नाकपुडीविषयी आईंना जे जाणवते आहे ते म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखे नाही. चांगल्या उजेडात, समोरून, तेच चार हावभाव करायला सांगून दर आठवड्याला मोबाईलवर चित्रफीत घेऊन ठेवा. डॉक्टरांना तिचा माझ्या आकड्यापेक्षा अधिक उपयोग होईल.

माणगंगा

मी डॉक्टर नाही, परंतु वरील प्रतिसादात एक बाजू राहिली आहे असे वाटल्याने आमचा अनुभव लिहितो.

माझ्या पत्नीचा चेहरा एका सकाळी वाकडा झाला नव्हता. आधी हसताना वरचा ओठ कमी उचलला जाऊ लागला, दीड-दोन महिन्यांनी त्याच बाजूचा डोळा नीट मिटेना, आणि कपाळ तर बराच काळ शाबूत होते. जिथे दाखवले तिथे बेल्स पाल्सी असे निदान झाले, गोळ्या दिल्या आणि 'वेळ लागतो' असे सांगितले. आम्ही पाच महिने वाट पाहिली. या काळात कानाखाली बोट लावून कोणी चाचपले नाही आणि ते करायला हवे हे आम्हालाही ठाऊक नव्हते. शेवटी एका दंतवैद्यांनी दाढ पाहताना जबड्यामागे काहीतरी कडक लागते असे सांगून सोनोग्राफीला पाठवले. पॅरोटिड ग्रंथीत चौदा मिलिमीटरची, वेड्यावाकड्या कडांची गाठ निघाली. सुईने घेतलेल्या नमुन्यात ती कर्करोगाची ठरली, पुढे एमआरआय झाले, शस्त्रक्रियेत नसेचा काही भाग काढावा लागला आणि पायातील एक नस घेऊन ती उणीव जोडली गेली. त्यानंतर किरणोपचार झाले. आज ती बरी आहे आणि चेहऱ्याची हालचाल हळूहळू परत येते आहे.

आपल्या आईंचे दुखणे एका रात्रीत आले, ही आमच्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे, त्यामुळे घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण ज्यांच्या घरात चेहरा हळूहळू, एकेक भागाने ढिला पडतो आहे, त्यांनी सोनोग्राफी कशाला हवी असे म्हणून थांबू नये.

ध्वनिलहरी

आपण हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. ही बाजू मी पहिल्याच प्रतिसादात मांडायला हवी होती. एकाएकी न येता आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारा, चेहऱ्याचा एखादाच भाग धरणारा, त्याच बाजूला पुन्हा होणारा किंवा तीन महिन्यांनंतरही कसलीच हालचाल न आलेला पक्षाघात असेल, तर ग्रंथीची सोनोग्राफी झालीच पाहिजे. पॅरोटिडमधील साध्या गाठी नसेला सहसा बंद पाडत नाहीत, म्हणून गाठ आणि पक्षाघात एकत्र दिसले की आम्ही ते गंभीर समजतो. गाठ दिसल्यास त्याच बैठकीत सुई नेमकी कुठे जाते आहे ते पाहत नमुना घेता येतो. मात्र ग्रंथीचा खोल भाग जबड्याच्या हाडाआड जातो. तिथे सोनोग्राफी निर्मळ आली तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. तो भाग आणि हाडातील बोगदा यांसाठी कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारे औषध) देऊन केलेले एमआरआयच हवे.

दंडकारण्य (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक)

मी विदर्भाच्या पूर्व भागात काम करतो, त्यामुळे दोन प्रसंग नमूद करावेसे वाटतात, जे शहरातील चर्चेत सहसा येत नाहीत.

पहिला कुष्ठरोगाचा. आमच्याकडे हा आजार संपलेला नाही. त्यात चेहऱ्याच्या नसेची संपूर्ण खोडापासून हानी होण्याऐवजी गालाच्या हाडावरून त्वचेलगत जाणाऱ्या शाखा अधिक बाधित होतात. परिणामी तोंड जवळजवळ सरळ असते आणि डोळा मात्र मिटत नाही, तोही कधी दोन्ही बाजूंचा. अशा रुग्णाच्या मानेवर कानाच्या पाळीकडे चढत जाणारी एक नस सुतळीसारखी जाड झालेली नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. सोनोग्राफीत तिची आणि कोपरामागच्या नसेची जाडी सहज मोजता येते. रिअॅक्शन (या आजारात नसांना अचानक येणारी दाहाची लाट) चालू असेल तर डॉपलरमध्ये नसेच्या आत रक्तप्रवाहाचा रंग दिसतो, जो निरोगी नसेत एरवी दिसत नाही. इथे हा निष्कर्ष उपचार बदलतो, कारण चालू असलेली रिअॅक्शन स्टेरॉइडने वेळीच आटोक्यात आणल्यास नस वाचू शकते.

दुसरा जखमांचा. कोयता, काच किंवा अपघातामुळे गाल कापला गेला आणि त्यानंतर चेहऱ्याची हालचाल गेली, तर नस तुटली आहे की नुसती दुखावली आहे हा प्रश्न तातडीचा असतो. तुटलेल्या नसेचे पुढचे टोक विजेच्या सूक्ष्म स्पंदनाला साधारण पहिले तीन दिवसच प्रतिसाद देते आणि तेवढ्यात शस्त्रक्रिया झाली तर टोके शोधणे सोपे जाते. अशा वेळी चांगल्या प्रोबने धागा सलग आहे की मध्येच तुटला आहे हे पाहण्याचा प्रयत्न करता येतो. सुजलेल्या, रक्त साकळलेल्या गालात हे कठीण असते, हेही खरे. चित्र अस्पष्ट असेल तर त्यावर वेळ न दवडता मी जखम उघडून पाहतो.

मूळ प्रश्नकर्त्यांना एवढेच विचारतो की, आईंच्या कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड आले होते का, आणि कानातून पू येतो का? यांपैकी काही असेल तर हा वेगळा आजार ठरतो आणि कोणताही स्कॅन करण्याआधी कान तपासून घ्यावा लागेल.

आरसा (फिजिओथेरपिस्ट)

आतापर्यंत सर्व चर्चा नसेची झाली. माझ्या कामात सोनोग्राफीचा खरा उपयोग दिसतो तो स्नायूंसाठी, आणि तोही दुखणे जुने झाल्यावर.

चेहऱ्याचे स्नायू कातडीलगत असतात, त्यांच्यावर हाडाचा पडदा नाही, त्यामुळे चांगल्या प्रोबने ते उत्तम दिसतात. नसेचा पुरवठा दीर्घकाळ बंद राहिला की स्नायू पातळ होतो आणि त्याची जागा चरबी व तंतू घेऊ लागल्याने पडद्यावर तो अधिकाधिक पांढरा दिसतो. जर्मनीतील येना येथील गटाने कपाळाचा, डोळ्याभोवतीचा, ओठांभोवतीचा आणि हनुवटीचा असे एकेक स्नायू दोन्ही बाजूंना मोजून या पद्धतीला शिस्त आणली. रुग्णाला ओठ मिटून फुंकर घालायला सांगितली की स्नायू आकसतो की निपचित राहतो, हे तो हलताना पाहता येते. बाहेरून काहीच हालत नाही असे वाटणाऱ्या चेहऱ्यातही आत बारीक आकुंचन दिसते, आणि ते पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या रुग्णाचा व्यायामातील उत्साह किती वाढतो हे मी अनुभवले आहे. वर्ष-दीड वर्षाच्या आत नस जोडण्याची शस्त्रक्रिया करायची की स्नायूच दुसरीकडून आणून बसवायचा, असा निर्णय घेतानाही शल्यचिकित्सकांना ही माहिती उपयोगी पडते, अर्थात ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंतील विद्युत हालचाल मोजणाऱ्या तपासणीच्या, जोडीने.

आपल्याकडे हे कमी का होते याचे एक कारण कायद्यात आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला. त्यामुळे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र आणि ते जिथे आहे ती जागा यांची नोंदणी बंधनकारक आहे. मला माझ्या खोलीत चेहऱ्यासाठीही असे यंत्र ठेवता येत नाही. मुलींच्या जिवासाठी असलेली ही बंधने मला मान्य आहेत, पण त्यामुळे माझ्या रुग्णाला दर वेळी सोनोग्राफी तज्ज्ञांकडे पाठवावे लागते, आणि चेहऱ्याचे स्नायू पाहण्याची सवय असलेले तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी सहज सापडत नाहीत.

आईंसाठी सध्या एवढेच सांगेन की गाल जोरात चोळू नका. बोटांनी हलके, खालून वर असे फिरवणे पुरेसे आहे. तोंड जोर लावून वेडेवाकडे करण्याचे व्यायाम आणि घरी आणलेले विजेचे झटके देणारे यंत्र, दोन्ही मी टाळायला सांगते. नस पुन्हा वाढताना तिचे धागे चुकीच्या स्नायूंत गेले की घास चावताना डोळा आपोआप मिटू लागतो. ती सह-हालचाल पुढे सुधारणे फार चिकाटीचे काम असते, म्हणून सुरुवातीपासूनच आरशासमोर हळू, छोट्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या हालचाली करणे बरे.

कोयनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कानात फोड किंवा पू नाही, डॉक्टरांनी कान तपासला होता. हे सर्व वाचण्यापूर्वीच नातेवाइकांच्या आग्रहाने काल सोनोग्राफी झाली. अहवालात डावी नस १.२ आणि उजवी ०.९ मिलिमीटर असे लिहिले आहे, आणि तो आकडा ऐकल्यापासून आईने जेवण कमी केले आहे. याचा अर्थ काय घ्यावा? दुसरे असे की रात्री आम्ही डोळ्यावर कापसाची घडी ठेवून वर चिकटपट्टी लावतो, तरी सकाळी डोळा लाल असतो.

ध्वनिलहरी

आजारी बाजूची नस थोडी जाड दिसणे हे या आजारात अपेक्षितच आहे; आईंना कृपया असेच सांगा. हा आकडा त्या बऱ्या होणार नाहीत असे म्हणत नाही, तसे म्हणण्याची त्याची ताकद नाही. अहवालात पॅरोटिड ग्रंथीविषयीची ओळ शोधा. दोन्ही ग्रंथी निर्मळ आहेत, गाठ नाही, असे तिथे लिहिले असेल तर या तपासणीतून मिळण्यासारखी सर्वांत मोलाची माहिती तुम्हाला मिळाली आहे. तसे लिहिले नसेल, तर ज्यांनी तपासणी केली त्यांना विचारून लिहून घ्या आणि अहवाल जपून ठेवा. तीन महिन्यांनंतर पुन्हा पाहण्याची वेळ आलीच, तर तुलनेसाठी तो कामाला येईल.

दंडकारण्य

डोळ्याबद्दल आजच काहीतरी करा. उघड्या राहिलेल्या डोळ्यावर कापूस ठेवला की तो थेट बुबुळावर घासतो आणि ही लाली बहुधा त्यामुळेच येत असावी. आधी मलम घाला, वरची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून डोळा पूर्ण मिटवा आणि मग कागदी चिकटपट्टी पापणीवर आडवी लावा, कापूस नकोच. दिवसा दर तासा-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि बाहेर पडताना चष्मा हवा. मधुमेहात बुबुळाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे दुखत नाही म्हणून जखम नाही असे समजू नका. उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन डोळ्यात रंग घालून बुबुळ तपासून घ्या.